अष्टमीला होडी सोडायची नसते

राजिवडा, रत्नागिरी
मंगळवार, पौर्णिमा

आदरणीय दत्तात्रेय गुरुजींना मुसा तांडेलचा सलाम आणि नमस्कार. (कुठला आधी लिहावा यात पाच मिनिटं गेली. दोन्ही पोचल्याशी कारण.) आम्ही इकडे अल्लाच्या मेहेरबानीने बरे आहोत. तुमचं ब्लडप्रेशर, कमलावहिनींचा गुडघा आणि मागच्या अंगणातला तो रायवळ आंबा, ज्याच्यावर तुम्ही आणि शेजारी दोघेही हक्क सांगता, हे तिघे आपापल्या जागी स्वस्थ असतील अशी आशा करतो. अर्जुना नदीचं पाणी यंदा राजापूरच्या बाजारात कितव्या पायरीपर्यंत चढलं ते कळवावं, पेपरात रोज वेगळी पायरी येते. वहिनींनी धाडलेली फणसपोळी मिळाली. माझ्या सुनेने, महरीनने, ती माझ्यापासून लपवून ठेवली होती, ती मला पहिल्याच दिवशी सापडली, आणि आता रिकामा डबा मी तिच्यापासून लपवून ठेवला आहे. माझ्या मागच्या पत्रातल्या अकरा चुका लाल शाईने दुरुस्त करून तुम्ही परत पाठवल्यात, त्याही मिळाल्या. पैकी नऊ मला मान्य आहेत. उरलेल्या दोन वेलांट्यांबद्दल आपण समोरासमोर बोलू.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण तुमच्याकडे फोन मोठ्या आवाजावर ठेवून टेबलावर मांडतात, आणि मग वहिनी, शेजारी आणि त्या वेळेला दूध घालायला आलेला माणूस असे सगळे मिळून ऐकतात. यातल्या काही गोष्टी दूधवाल्याच्या कानावर जाण्यासारख्या नाहीत. म्हणून राजापूर गाडीवरचा वाहक विनीत याच्या हाती पत्र देतो आहे. तो घरी येऊन देईल. त्याला चहा द्यावा. पत्र त्याने वाटेत वाचलेलं असेल, तरी त्याला मत विचारू नये.

आता मूळ विषय. व्हिडिओ गेममध्ये कलेची खोली असू शकते का, हा माझा प्रश्न होता, त्यावर तुम्ही लिहिलंत की असू शकत नाही. जिथे हारजीत आहे तिथे मन जिंकण्यात गुंतलेलं असतं, आणि गुंतलेलं मन पाझरत नाही. शिवाय, खरी कला दुसऱ्या दिवशीही माणसाच्या हाताला काम करू देत नाही, ही तिची खूण. ही वाक्यं मी घरात दोनदा मोठ्याने वाचून दाखवली. महरीन म्हणाली, छान आहेत, म्हणजे काय? मला स्वतःला खोली म्हटलं की शिशाचा गोळा बांधलेली दोरी आठवते. ती पाण्यात सोडायची, गोळा तळाला टेकला की वर ओढताना दोन्ही हात पसरून मोजायची. एक वाव, दोन वाव, तीन वाव. खोली किती यावर होडीत कधी परिसंवाद झाल्याचं मला स्मरत नाही. पण तुमची खोली वेगळी हे मला समजतं, आणि तीच मोजायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं ते आता लिहितो. तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे. पण वाचणाऱ्याला आधीचं काही माहीत नाही असं धरून पत्र लिहावं, ही तुमचीच शिकवण. (आणि विनीतलाही समजायला हवं.)

माझा मुलगा जुनेद, तुमचा विद्यार्थी, कुवेतला एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. त्याची मुलगी अलिझा, वय एकोणीस, गेल्या वर्षी पुण्याला व्हिडिओ गेम बनवायच्या कोर्सला गेली. जाताना तिने बापाला 'कॉम्प्युटरचा कोर्स' एवढंच सांगितलं होतं, जे खोटं नव्हतं. वर्ष संपल्यावर सुट्टीत आली ती स्वतः बनवलेला एक गेम घेऊन, आणि मग जुनेदला कळलं. तो म्हणाला, पोरगी काय जन्मभर खेळ मांडून बसणार? रत्नागिरीतच डी.फार्मला घाला. बापलेकीचं फोनवर वाजलं. मधल्या मध्ये महरीन एकदा नवऱ्याच्या बाजूने रडली आणि एकदा मुलीच्या. शेवटी जुनेद म्हणाला, अब्बांनी तो गेम खेळून बघावा. पुस्तकात असतं तसं मनाला लागणारं काही त्यात असेल तर जाऊ दे तिला पुढच्या वर्षाला. नुसता टाइमपास असेल तर डी.फार्म. पुण्याचं पुढचं वर्ष येत्या सोमवारी सुरू होतंय. म्हणजे पोरीचं सगळं पुढचं माझ्या मनाला काही लागतं का, यावर येऊन ठेपलं. आणि माझ्या मनाला काही लागल्याचं गेल्या तीन वर्षांत कुणी पाहिलेलं नाही.

आमच्या मोहल्ल्यात अर्धी माणसं मुंबईला राहून आलेली. तिकडे 'गेम करणे' म्हणजे माणूस उडवणे. त्यामुळे मुसाचाचा या वयात गेम करायला बसलाय, ही बातमी मशिदीपर्यंत जाईतो तिला वेगळंच वळण लागलं, आणि दोन वडीलधारी माणसं मला समजवायला घरी आली. त्यांना लॅपटॉप दाखवला तेव्हा ती जरा निराशच झाली. एकजण जाताना म्हणाला, मुसा, आम्हाला वाटलं होतं जेट्टीच्या ठेकेदाराचा करतोयस.

खेळायला एक यंत्र देतात. आकाराने मोठ्या कुर्ली खेकड्याएवढं, दोन्ही हातांनी धरायचं. मी ते कुर्ली धरतात तसंच धरलं, मागच्या बाजूने, नांगी लागणार नाही अशा बेताने. अलिझा म्हणाली, "दादा, ते चावत नाही." (आमच्यात आजोबांना दादा म्हणतात, हे विनीतसाठी.) होडी वळवायला अंगठा वळवायचा असतो. पण पन्नास वर्षं सुकाणू धरलेल्या माणसाचा नुसता अंगठा वळत नाही, सगळा माणूस वळतो. दुसऱ्या वळणाला प्लास्टिकची खुर्ची उलटली. तेव्हा दारात आत्माराम उभा होता. आत्माराम माझ्या होडीवर बावीस वर्षं खलाशी होता आणि सध्या मासेमारीच्या बंदीमुळे मोकळा आहे (एरवीही असतो). त्याने मला उचललं नाही. म्हणाला, "तांडेल, सुक्यावर होडी उलटवलीस? ह्ये पयल्यांदाच बगितला."

गेम असा आहे. एक खाडी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, अगदी आमच्या खिडकीतून दिसतो तसा. एक होडी, आणि होडीत तुरीच्या शेंगेएवढा माणूस, म्हणजे मी. रोज बाहेर जायचं, जाळं टाकायचं, मासळी घेऊन परत यायचं. काठावर एक घर, आणि घराच्या दारात शेंगेएवढीच एक बाई. बस. बंदूक नाही, शत्रू नाही, मार्क नाहीत. तुमचा हारजितीचा मुद्दा मला इथेच अडला. मी अलिझाला विचारलं, यात जिंकायचं कसं? म्हणाली, जिंकायचं नसतं. मग हरायचं कसं? त्यावर ती म्हणाली, "तुम्ही खेळा हो." माझी पहिली हरकत होती की जुलै महिना आहे, बंदी आहे, होडी सोडणं गुन्हा आहे. पण खेळात ऊन पडलेलं होतं आणि खात्याचा माणूस कुठे दिसत नव्हता, म्हणून बंदी मी माझ्यापुरती उठवली. आत्माराम शेजारी बसून जाळं कुठे टाकायचं ते सांगायचा. एकदा त्याने जोर धरला की तिथे खाली खडक आहे, जाळं फाटेल. मी म्हटलं, ते चित्र आहे. तो म्हणाला, "चित्रात खडक नसतो काय?" टाकलं. फाटलं. त्या दिवसापासून तो चहाबरोबर बिस्किटंही मागतो.

ती दारातली बाई मात्र फार फटकळ. तिचं बोलणं डोक्यावर चौकोनात उमटतं. मी पहिल्या फेरीहून परत आलो तर काठापर्यंत येऊन म्हणते, "आलात? समुद्र जागेवर आहे ना? मग जेवायला बसा." दुसऱ्या फेरीला म्हणते, "पापलेटं विकलीत आणि घरी बांगडेच आणलेत. व्वा, तांडेलसाहेब." तिसऱ्या फेरीला मी मुद्दाम सुरमई ठेवून घेतली, तर म्हणते, "कोण पाहुणे येणारेत?" मला या घरात तांडेलसाहेब कोण म्हणायचं, आणि कशावर चिडल्यावर म्हणायचं, ते तुम्ही जाणता, कारण तुमच्यासमोरही बऱ्याचदा म्हटलेलं आहे. आत्मारामने ते वाचलं, बिस्किट तसंच बशीत ठेवलं आणि घरी काम आहे म्हणून उठला. (त्याला घरी काम नसतं.) अलिझाने हे शब्द कुठून आणले ते मी तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

आता या खेळातला एक मोठा दोष लिहितो. प्रत्येक फेरी संपली की पडद्यावर विचारतात, सेव्ह करायचं का? सेव्ह म्हणजे वाचवणे, एवढं इंग्रजी लाइफ जॅकेटांच्या कृपेने मला येतं. दारात बाई उभी, आणि यंत्र विचारतंय, वाचवायचं का? मी म्हटलं, हा काय विचारायचा प्रश्न झाला? होय. दर फेरीला होय. एकदा वीज गेल्यामुळे तेवढं राहून गेलं, तर वीज आल्यावर मी तीच फेरी पुन्हा केली आणि आधी तिला वाचवलं, मग जेवलो. अशा एकतीस फेऱ्या, एकतीस वेळा. अलिझाला वाटत होतं की दादा फार शिस्तीने खेळतात.

पंधराव्या फेरीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की बाई काठापर्यंत येईनाशी झाली आहे. दारातूनच बोलायची. मग उंबऱ्यावर बसायला लागली. बोलणंही तोडकं झालं, टोमणे गेले. मी दोनदा मुद्दाम बांगडे आणले, काही म्हणते का बघायला. काही म्हणाली नाही. एकतिसाव्या फेरीनंतर चौकोनात आलं, "आज जरा जड वाटतंय. तुम्ही जाऊन या." (तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी जुनेदची आई मासूमा गेली तेव्हा मी हर्णैला होतो. मासळीच्या लिलावात भाव चांगला मिळत होता. फोन भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेला, तो लिलाव उरकल्यावर उघडला. घरून निघताना तीही असंच काहीतरी म्हणाली होती. मी कुणाला सांगितलेलं नाही. अलिझा तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यास करत होती. असो.)

तर मुद्दा असा की त्या दिवशी अष्टमी होती. आणि अष्टमीला होडी सोडायची नसते. तुम्हाला सांगायला नको, पण विनीत घाटावरचा आहे म्हणून लिहितो. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला भरतीला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला जोर नसतो, त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगात खाडीच्या तोंडाला पुरेसं पाणी चढत नाही आणि दांड्यावर होडीचा तळ घासतो. खेळात तिथी दिलेली नव्हती, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली धरली. अलिझा म्हणाली, "दादा, गेममध्ये भरती-ओहोटी नाहीये. पाणी कायम तेवढंच." मी म्हटलं, तू दांडा काढलास ना? दांडा काढलास म्हणजे भरती आली, भरती आली म्हणजे भांग आला. बंदी सरकारची असते, ती मी उठवू शकतो, भांग चंद्राचा. मी थांबणार. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, बरं.

मी थांबलो. मंगळवार, बुध, गुरु, शुक्र, शनि. लॅपटॉप टेबलावर चालू, वायर बोर्डात, पडद्यावर खाडी आणि उंबऱ्यावर बसलेली ती बाई. मी होडी सोडली नाही तोवर ती बसलेली असते, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं. महरीन आजूबाजूने केर काढायची, लॅपटॉप हलवायची नाही. दुपारी मी जाळं विणायला तिथेच बसायचो. काही बोलणं व्हायचं नाही, पण तसं आमच्या घरात पूर्वीही दुपारी होत नसे. आत्माराम रोज सकाळी यायचा, पडद्याकडे बघायचा, कॅलेंडराकडे बघायचा, आणि "दशमी" किंवा "एकादशी" असं एवढंच बोलून बसायचा. पुण्याच्या सरांनी अलिझाला फोन केला, तुझ्या आजोबांची प्रतिक्रिया काय, म्हणून. ती म्हणाली, आजोबा अजून भांग उतरायची वाट बघताहेत. सर म्हणाले, काही हरकत नाही, उतरल्यावर त्यांच्याशी बोलू. गुरुजी, मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही, आणि पुण्यात माझं हे नाव झालं.

अलिझाच्या कॉम्प्युटरवर एक यादी आहे. गेम कुणाकुणाला पाठवला, ते कुठवर पोचले, कुठे किती वेळ थांबले, ते त्यात दिसतं. शेवटची फेरी पार केलेले बाकीचे लोक तिच्याआधी वीसेक सेकंद थांबले होते. रत्नागिरीसमोर आकडा वाढत चालला होता. आधी तिला वाटलं, यंत्रात बिघाड आहे.

रविवारी त्रयोदशी आली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तेरा पाऊणे पावणेदहा. (पाढा बरोबर आहे, तपासू नये.) सकाळी पावणेदहाला पाणी भरलं, खिडकीतून दिसत होतं, दांडा पार बुडाला होता. आता कारण उरलं नव्हतं. तरी मी चष्मा पुसला, मग लुंगी नीट केली, मग पुन्हा चष्मा. आत्माराम हळू आवाजात म्हणाला, "मुसा, सोड आता. पानी हाय." बावीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा मुसा म्हटलं. सोडली.

जाळं टाकलं नाही. दांडा ओलांडला आणि तिथूनच होडी फिरवली. तीन मिनिटं झाली असतील नसतील. तीन मिनिटांत परत आलो, गुरुजी. तरी दार रिकामं होतं.

मग मी त्या यंत्रावरच्या सगळ्या कळा दाबल्या. होडी पुढे गेली, मागे गेली, जाळं कोरड्या जमिनीवर पडलं. घरात जाता येईना. हाक मारायची कळ नाही. पुढे काही होतच नाही, नुसता समुद्राचा आवाज. आणि मग पडद्यावर आलं, सेव्ह करायचं का? मी होय म्हटलं. पुन्हा विचारलं, मी पुन्हा होय म्हटलं. सहा-सात वेळा म्हटल्यावर अलिझाने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, दादा, काय करताय? मी सांगितलं. तेव्हा तिने मला समजावलं की सेव्ह म्हणजे वाचवणं नाही, आपण कुठवर आलो ते यंत्राने लिहून ठेवणं. मी विचारलं, "मग एकतीस वेळा मी काय केलं?" ती म्हणाली, "लिहून ठेवलंत, दादा." मी म्हटलं, मग वाचवायची कळ कुठली? ती म्हणाली, ती नाहीये. मी जरा आवाज चढवून बोललो की हा तुझ्या खेळातला दोष आहे, एवढ्या कळा दिल्यास आणि हवी ती नाही. तिने विचारलं, "तुम्हाला नक्की काय करायचं होतं?" मी सांगितलं, मला फक्त विचारायचं होतं, जेवलीस का. ती म्हणाली, तीही कळ नाहीये. आणि मग आम्ही दोघे बराच वेळ समुद्राचा आवाज ऐकत बसलो. महरीन आत सुक्या बांगड्याला फोडणी देत होती, मिरचीचा ठसका बाहेरपर्यंत आला, त्यामुळे माझ्या, अलिझाच्या आणि आत्मारामच्या डोळ्यांत एकाच वेळी पाणी आलं. महरीनच्याही आलं, पण ती तर शेगडीजवळच होती.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी नाटकं पाहिली आहेत, पुस्तकं वाचली आहेत (बर्फाच्या खोक्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकलो, पण वाचली आहेत). नाटकात नायक चुकतो तेव्हा आपण खुर्चीत शेंगदाणे खात असतो. म्हणतो, मूर्ख आहे, जाऊ नको म्हणावं. पुस्तकात जाणारा कुणी दुसरा असतो, आपण पान उलटतो एवढंच. इथे मला कुणी दुसरा सापडेना. होडी मी सोडली. अंगठा माझा होता. हा प्रकार कलेत बसतो की नाही ते तुम्ही ठरवा, मला ते कळत नाही. मला एवढंच दिसलं की तीन वर्षं जे मी कुणाच्या डोक्यावर टाकू शकलो नाही, लिलावाच्या नाही, फोनच्या डब्याच्या नाही, ते त्या पोरीने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, धरा, चावत नाही. दोष मात्र पुष्कळ आहेत. भरती-ओहोटी नाही. चहा मिळत नाही. बांगड्याचा रंग चुकलाय. सोमवारी जाळं विणताना माझ्या शंभर-सव्वाशे गाठी चुकीच्या पडल्या, सगळं उसवावं लागलं, पण त्याचा खेळाशी संबंध नसून चष्म्याचा नंबर बदलला असावा.

सबब, माझं मत तुमच्या मताशी जुळतं. व्हिडिओ गेममध्ये खोली नसते. काही ठिकाणी दोरी पुरत नाही, एवढीच अडचण आली.

वहिनींना सलाम, आंब्याच्या दोन्ही मालकांना शुभेच्छा, आणि या पत्रातल्या चुका लाल शाईने.

आपला,
मुसा

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते लिहायचं राहिलं. सोमवारी संध्याकाळी जुनेदचा फोन आला. म्हणाला, अब्बा, बघितलात? काही लागलं मनाला? आता मी त्याला काय सांगू? त्याची आई गेली त्यावर तो आणि मी आजवर एक शब्द बोललेलो नाही. तो कुवेतला होता, मी हर्णैला, दोघेही एकमेकांना काही विचारत नाही. तोंडातून निघून गेलं की मला काही वाटलं नाही बाबा, पण दत्तात्रेय गुरुजी आले होते, ते खेळले आणि रडले.  मग म्हणाला, "गुरुजी? वादळात शाळेचे पत्रे उडाले तेव्हा हजेरी घेत होते, ते गुरुजी?" मी म्हटलं, तेच. तो म्हणाला, मग मी शुक्रवारी, सुट्टी आहे तेव्हा, त्यांनाच फोन करून विचारतो. ते म्हणाले तर जाऊ दे तिला. गुरुजी, तुम्ही खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे आणि त्याचा मला आज प्रथमच त्रास होतोय. तरी गुरुवारी सकाळच्या गाडीने यावं, विनीत जागा धरेल. दुपारी जेवून खेळायला बसलात तर संध्याकाळपर्यंत रडून होईल. तिथीची अडचण नाही, उधाण आहे. चष्मा आणावा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, फाडून पुन्हा उघडलं. विनीत खाली गाडी उभी करवून हॉर्न वाजवायला लावतोय, म्हणून थोडक्यात. आत्ता अलिझा तिची ती यादी मला दाखवत होती. त्यात गावांची नावं असतात, माणसांची नाही. पुणे, पुणे, नाशिक, रत्नागिरी, आणि सगळ्यात खाली कुवेत. कुवेतचा माणूस शेवटच्या फेरीआधी थांबलेला आहे, होडी सोडलेली नाही, एकोणीस दिवस. अलिझा म्हणाली, कुणा मित्राचा मित्र असेल, चालू करून विसरला असेल. महरीनचा हात कणकेत होता, तो तिथेच थांबला. अलिझा आत गेल्यावर ती मला म्हणाली की जुनेदने तिच्याकडून गेम मागवून घेतला होता, पोरीला सांगू नको म्हणून. म्हणजे मला बघायला सांगितला त्याच्याही आधी. त्याला भरती, भांग यातलं काही कळत नाही, तो कधी समुद्रावर आलाच नाही. तेव्हा गुरुजी, तुम्हाला आता रडायचं कारण उरलेलं नाही, तरी यावं, शुक्रवारपर्यंत राहावं आणि फोन बरोबर आणावा. शुक्रवारी त्याचा फोन आला की त्याची चौकशी करा, कामाचं विचारा, त्याला घाईने ठेवू देऊ नका, आणि मग मोठा आवाज बंद करून फोन माझ्या हातात द्या. अलिझाला यातलं काहीच सांगितलेलं नाही. बॅग भर, एवढंच सांगितलं.